लहरी चाचण्या आणि त्यांवरील उपाय

जिचा मूळ मजकूर कोणासही वाचता व सुधारता येतो, अशा संगणकीय आज्ञावलीस मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. तिच्यात दूरदूरचे, परस्परांस न ओळखणारे लोक भर घालीत असतात. म्हणून प्रत्येक बदल येताच आज्ञावलीची नव्याने बांधणी करून तिच्यावर चाचण्या चालविण्याचे काम यंत्राकडेच सोपविलेले असते. सर्व चाचण्या उतरल्या तर हिरवी खूण उमटते. एक जरी फसली तरी तांबडी.

आता असे समजू की, आज्ञावलीत दोष नसतानाही प्रत्येक चाचणी हजारांतून एकदा फसते. ही उणीव क्षुल्लक वाटेल. परंतु परस्परांशी संबंध नसलेल्या अशा १,००० चाचण्या एकत्र चालविल्या, तर त्या सर्व उतरण्याचा संभव केवळ ३७ टक्के उरतो. म्हणजे शंभरांतून सुमारे ६३ वेळा तांबडी खूण निष्कारण उमटेल. मग ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतल्याप्रमाणे खऱ्या दोषाच्या सूचनेकडेही कोणी लक्ष देत नाही, आणि तो दोष वापरणाऱ्यांच्या हाती जाऊन पोहोचतो.

हा लहरीपणा येतो कोठून? अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली अपाची प्रतिष्ठानाच्या ५१ प्रकल्पांतील २०१ दुरुस्त्या तपासल्या. कारण निश्चित झालेल्या दुरुस्त्यांपैकी सुमारे ४५ टक्क्यांच्या मुळाशी एकच गोष्ट होती : मागविलेले उत्तर येण्यापूर्वीच चाचणी पुढे जात असे. सुमारे २० टक्क्यांत एकाच वेळी चालणाऱ्या कामांची परस्परांत गफलत होई, तर १२ टक्क्यांत चाचण्यांचा क्रम बदलताच निकाल बदले.

कारण कळले की उपाय सुचतो. ‘दोन सेकंद थांब’ असे सांगण्याऐवजी ‘उत्तर येईपर्यंत थांब, मात्र अमुक मर्यादेपलीकडे नको’ असे सांगावे. प्रत्येक चाचणीस स्वतंत्र, कोरी सामग्री द्यावी. चाचण्यांचा क्रम मुद्दाम बदलून पाहावा व तो क्रम नोंदवून ठेवावा, म्हणजे फसलेला प्रयोग जसाच्या तसा पुन्हा करता येतो.

फसलेली चाचणी तीनदा चालवून एकदा उतरली तरी पुरे मानणे, हा उपाय सोपा खरा. पण तो सावधपणे योजावा. एखादा खरा दोष निम्म्या वेळाच प्रकट होत असेल, तर तीनही वेळा तो दिसण्याचा संभव आठांत एक एवढाच असतो. उरलेल्या सात प्रसंगी या सवलतीमुळे तो झाकला जाईल. यास्तव लहरी चाचणी वेगळी काढावी, तिची नोंद करावी, दुरुस्तीची मुदत ठरवावी आणि ती जबाबदारी कोणा एकावर सोपवावी. तांबडी खूण क्वचितच दिसावी. परंतु जेव्हा दिसेल तेव्हा प्रत्येकाने हातातले काम थांबवून तिच्याकडे पाहावे, इतका तिचा भरवसा असला पाहिजे.