चपळाईचें मोजमाप

चपळ मुलगा कोणास म्हणावें? शिट्टी वाजतांच जो सर्वांआधीं निघतो त्यास, असें मैदानावर कोणीहि सांगेल. ‘हा जन्माचाच मंद’ असें म्हणून एखाद्या मुलास संघाबाहेर ठेवतात, तेंहि ह्याच समजुतीनें. आम्हांसहि पुष्कळ दिवस तसेंच वाटत असे. परंतु शास्त्रज्ञांनीं ह्या चपळाईचें मोजमाप केलें तेव्हां निराळेंच दिसून आलें.

खूण मिळाल्यापासून शरीराची हालचाल सुरू होईपर्यंत जो काळ जातो त्यास प्रतिक्रियाकाल म्हणतात. आवाज कानांत शिरतो, ज्ञानतंतूंच्या वाटेनें मेंदूकडे जातो, तेथून आज्ञा निघून स्नायूंपर्यंत पोंचते व मग पाय हलतो. १८६८ सालीं डोंडर्स ह्या डच शास्त्रज्ञानें ह्या विषयावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पायास विजेचा हलका झटका बसतांच त्याच बाजूचा हात हलवावयाचा, असा त्यांतील एक प्रयोग होता. झटका कोणत्या पायास बसणार हें ठाऊक नसलें म्हणजे सुमारें एक पंधरांश सेकंद अधिक लागे. हा वाढीव काळ निवड करण्याचा, म्हणजे विचाराचा होय.

मोठ्या शर्यतींत पिस्तुलाचा आवाज प्रत्येक धावपटूच्या मागें ठेवलेल्या ध्वनिक्षेपकांतून ऐकवितात. कारण पहिल्या पट्ट्यापासून आठव्यापर्यंत जावयास आवाजासहि सुमारें ०.०२५ सेकंद लागतात. पाय टेकण्याच्या ठोकळ्यांस यंत्र जोडलेलें असतें. बार झाल्यापासून ०.१०० सेकंदाच्या आंत कोणी ठोकळा रेटला, तर त्यानें आवाज ऐकण्यापूर्वींच अंदाजानें उडी घेतली असें धरतात. १७ जुलै २०२२ रोजीं अमेरिकेंतील यूजीन येथें जागतिक स्पर्धेच्या ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतींत डेव्हन ॲलन ह्याचा काल ०.०९९ भरला. एका सहस्रांशानें तो बाद झाला. आणि तेंहि ज्या विद्यापीठांत तो शिकला त्याच्याच मैदानावर! ह्याहून कमी काळांतहि खरी प्रतिक्रिया होऊं शकते, असें कांहीं संशोधकांनीं २००७ सालींच दाखविलें होतें. नियमास कोठें तरी रेघ ओढावीच लागते हें खरें. पण ही रेघ योग्य जागीं आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

शिवाय, आधीं निघणारा आधीं पोंचतोच असें नाहीं. २००९ सालीं बर्लिन येथें उसेन बोल्टनें १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापलें, त्या वेळीं त्याचा प्रतिक्रियाकाल ०.१४६ होता. असाफा पॉवेलचा ०.१३४, म्हणजे त्याहून सरस. तो तिसरा आला.

क्रिकेटमधील शोध तर ह्याहून मौजेचा आहे. १९८७ सालीं मॅक्लाउड ह्या संशोधकानें चटईखालीं लांकडी पट्ट्या घालून असें मैदान सिद्ध केलें कीं टप्पा पडल्यावर चेंडू कोणीकडे वळेल ह्याचा नेम नसावा. कसोटी खेळलेले फलंदाज त्यावर उभे केले आणि चित्रफीत घेतली. टप्प्यानंतर सुमारें ०.२ सेकंदपर्यंत त्यांची बॅट वळलेल्या चेंडूकडे मुळींच फिरली नाहीं! सामान्य माणसासहि एवढाच वेळ लागतो. मग हे फलंदाज एरवीं अवघड चेंडू टोलवितात कसे? गोलंदाजाचा हात व चेंडूची वाट पाहून टप्पा कोठें पडेल हें ते आधींच ओळखतात, आणि नजर तेथें नेऊन ठेवतात. ही ओळख सरावानें येते. मंद ठरविलेल्या मुलास एवढा सराव कोणी देऊन पाहिला आहे काय?

वाचकांनीं स्वतः प्रयोग करून पाहावा. मित्रानें फूटपट्टी उभी धरावी. आपण शून्याच्या खुणेपाशीं दोन बोटें, तिला न लावतां, उघडीं ठेवावीं. त्यानें न सांगतां ती सोडावी. १५ सेंटिमीटरांवर पकडली तर काल सुमारें ०.१७५ सेकंद, २० वर पकडली तर ०.२०२. दहा वेळां करून सरासरी काढावी. मित्राच्या बोटांकडे मात्र पाहूं नये. तीं सैल पडूं लागलेलीं दिसतात, आणि मग आपणहि पट्टी सुटण्याआधींच निघतों.