समुद्रकाठी तंबूत दोन रात्री

पाटण खोऱ्यात एका घरी एक म्हातारी आजी होती. सारे आयुष्य शेतात गेले. पंढरपूर झाले, जेजुरी झाली. समुद्र मात्र तिने कधी पाहिला नव्हता. एकदा ती मुलाला म्हणाली, "तात्या, डोळं शाबूत हायेत तवर एकदा समुद्र दाखव रं बाबा."

तात्यांनी हिशेब केला. गुहागर काही फार लांब नाही. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. चिपळूणहून पुढे गुहागर. एस. टी. जाते. पण घरची माणसे सहा. दिवाळी, नाताळ आणि मे महिना, या दिवसांत तिकडे शहरच्या लोकांची झुंबड असते. खोलीचे भाडे परवडत नाही. तेव्हा असे ठरले की, गर्दी नसेल तेव्हा जायचे आणि तंबूत राहायचे.

धाकटा मुलगा म्हणाला, "मग श्रावणात जाऊ. तेव्हा तिकडं चिटपाखरू नसतं."

सूनबाई नुकतीच लिहावाचायला शिकली होती. ती म्हणाली, "भावजी, गर्दी का नसते, ते आधी विचारायला हवं."

त्याच आठवड्यात गुहागरकडचे एक पाहुणे घरी उतरले. तात्यांनी त्यांना विचारले. पाहुणे म्हणाले, "सूनबाईचं बरोबर आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. वारा तंबू ठेवत नाही. २०२० साली ३ जूनला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. तिथं कापडी तंबूची काय कथा? तुम्ही माघात या. पाऊस नसतो आणि सुट्टीही नसते. शनिवार-रविवार तेवढा टाळा."

माघात शाळू काढायला थोडा अवकाश असतो. तात्यांना ते पटले.

भरतीचा हिशेब

पाहुण्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. समुद्राचे पाणी रोज दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. पूर्ण भरती किती वाजता होईल, हे आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर तिथीवरून काढता येते. तिथीचा आकडा घ्या. त्याला तीनाने गुणा. चाराने भागा.

चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा. बाराला चाराने भागले, आले तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. पुढे सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे. थोडा वेळ मागेपुढे होतो.

पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास उधाण येते. पाणी फार वर चढते. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते आणि कमी उतरते. त्याला भांग म्हणतात.

सूनबाईने वहीत गणित मांडले. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी शुद्ध अष्टमी. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. पूर्ण भरती सहाच्या सुमारास. शिवाय मध्यरात्रीपर्यंत चांदणे. दिवस ठरला.

तंबू कोठे व कसा ठोकावा?

जागेच्या मालकाची किंवा तिथल्या पंचायतीची परवानगी आधी घ्यावी. सरकारी बन असेल तर वनखात्याला विचारावे.

भरतीचे पाणी जिथवर येते तिथे काटक्या, शेवाळ व शिंपले यांची ओळ पडते. तंबू त्या ओळीच्या बराच वर असावा.

नारळाखाली तंबू ठोकू नये. झावळी किंवा नारळ डोक्यात पडला तर जीव जाईल.

वाळूत खुंटी टिकत नाही. लहान पोत्यात वाळू भरावी, त्याला दोरी बांधावी आणि पोते खोल पुरावे.

दिवसा समुद्राकडून खारा वारा येतो. रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटतो. पहाटे दव पडते. म्हणून खाली ताडपत्री आणि अंगावर घोंगडी हवी.

चूल तंबूपासून लांब असावी. सुरूच्या बनात वाळलेला पाला लगेच पेट घेतो, तिथे चूल नकोच. तंबू बंद करून आत शेगडी कधीही ठेवू नये. कोळशातून विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो. माणूस झोपेतच दगावतो.

विहीर निराळी, समुद्र निराळा

धाकटा विहिरीत पट्टीचा पोहणारा. गुहागरला पोचताच त्याने सदरा काढला. तात्या ओरडले, "थांब! पाहुणे काय म्हणाले ते विसरलास?"

पाहुणे म्हणाले होते, "विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं. समुद्राचं पाणी माणसाला ओढतं. लाटांनी आलेलं पाणी एखाद्या जागेवरून जोरानं परत आत जातं. चांगले पोहणारेही त्यात बुडतात. गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नका. किनाऱ्यावरचे मासेमार नको म्हणतील तिथं पाय घालू नका."

कोणी ओढीत सापडलाच तर त्याने सरळ काठाकडे येण्याची धडपड करू नये. दम संपतो. काठाला धरून आडवे पोहावे. ओढ सुटली की मग काठाकडे यावे. काठावरच्यांनी मागे उडी टाकू नये. दोरी किंवा झाकण लावलेला रिकामा डबा फेकावा. ओरडून माणसे जमवावीत. ११२ या क्रमांकावर फोन करावा.

धाकट्याने मुकाट्याने सदरा घातला. मग त्याने आजीचा हात धरला. दोघे ओल्या वाळूवरून चालत गेली. लाट आली आणि आजीचे पाय भिजवून गेली. आजीने बोट बुडवून जिभेला लावले.

"अगं बाई! खरंच खारट हाय की गं!" ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी हसली.

दोन रात्री राहून सगळी माणसे सुखरूप घरी आली. निघताना त्यांनी चूल पाण्याने विझवली आणि कचरा पोत्यात भरून बरोबर घेतला.

सांगा पाहू

१. पावसाळ्यात किनाऱ्यावर तंबूत का राहू नये?
२. षष्ठीला पूर्ण भरती किती वाजता होईल? वहीत गणित करा.
३. वाळूत तंबूची दोरी कशी पक्की करावी?
४. तुमच्या घरातील कोणाला काय पाहायचे राहिले आहे? त्यांना विचारा आणि चार ओळी लिहा.