दोन यंत्रांचा मेळ
पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला. २००२ साली तेथे ‘फॅब लॅब’ ही संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा निघाली.

मुलांनो, अशा कार्यशाळेत प्लायवूडची पेटी करावयाची आहे, असे समजा. लेसर यंत्र आकृतीबरहुकूम फळ्या झरझर कापील. झाकणाची वाटोळी मूठ मात्र त्याला साधावयाची नाही. ती थ्रीडी प्रिंटर वितळलेल्या प्लॅस्टिकचे थर चढवून घडवितो. पण लेसरच्या वाटेतील थोडे लाकूड जळून जाते (करवतही भुसा पाडतेच की!) आणि भोक किंचित मोठे होते, प्लॅस्टिक निवताना आक्रसते. मग मुठीची खुंटी भोकात खुळखुळते. म्हणून जाणता कारागीर आधी टाकाऊ तुकड्यावर भोक पाडून पाहतो, फरक मोजतो आणि तेवढा आकृतीतच वळता करतो.