३.४ भूमिकाखेळ : सहकथनाचा एक प्रकार

भूमिकाखेळाची कथा आधी लिहिलेली नसते. १९७४ साली अमेरिकेत प्रकाशित झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मुळे हा प्रकार रूढ झाला. एक जण निवेदक होतो, इतर जण पात्रे होतात. निवेदक प्रसंग मांडतो : उद्या गणेशचतुर्थी, कुंडलिकेला पूर आहे, पेणहून आणलेली मूर्ती अष्टमीच्या काठावर अडकली आहे आणि रोह्यात घर वाट पाहत आहे. तुम्ही नावाडी आहात. काय कराल? तुम्ही निर्णय बोलून दाखवता; यश अनिश्चित असेल तेथे फासा टाकतात. नाव उलटली तरी खेळ थांबत नाही. त्या अपयशातूनच पुढचा प्रसंग घडतो. तळकोकणातील दशावतारात संवाद उत्स्फूर्त असले तरी कथानक ठरलेले असते. येथे शेवटही मोकळा असतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न : निवेदकाने शेवट आधीच ठरवला, तर खेळाडू काय गमावतील?