दुधाचेच तर दात आहेत!

‘दुधाचेच दात आहेत, पडतीलच की!’ शेंद्रा, कुंभेफळ, करमाड या भागातून लेकरं घेऊन माझ्या दवाखान्यात येणाऱ्या आई-आजींकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता नुसतं ‘दुधाचेच’ म्हटलं तरी पुढचं मी मनात पुरं करते. पडतील, खरंय. पण कधी? पुढचे सहा-सात वर्षांचं झाल्यावर, मागच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत. तोवर लेकरानं भाकरी कशानं चावायची?

परवा चार वर्षांचा एक मुलगा आला. वरच्या पुढच्या चार दातांचे नुसते काळे खुंट, उजवा गाल फुगलेला. वडील एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला. रात्री बाराला घरी येतात आणि दिवसभर पोराचं तोंड पाहिलेलं नसतं म्हणून क्रीमचं बिस्कीट आणतात. पोरगं अर्धवट झोपेत ते खातं आणि तसंच झोपतं. झोपेत लाळ कमी सुटते. बिस्किटाचा लगदा रात्रभर दातांना चिकटून राहतो आणि त्यावर जंतूंचं आम्ल तयार होतं. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलं तरी हेच. बापाचं प्रेम मला कळतं, पण बिस्कीट संध्याकाळी जेवणाबरोबर द्या आणि झोपवण्याआधी दात घासा.

त्या पोराच्या सुजेवर आधी काय काय झालं होतं ऐका. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन एकाने ‘कीड’ काढून दाखवली. अहो, दातात वळवळणारी अळी नसते. तुम्हाला दाखवतात ती हातचलाखी. मग मोबाइलवर पाहून लवंगेचं तेल, त्याने हिरडी भाजली. शेवटी मोठ्यांच्या पाकिटातली निमेसुलाइडची अर्धी गोळी. बारा वर्षांखालच्या मुलांना हे औषध द्यायला आपल्या देशात 2011 पासून बंदी आहे. दुखणं थांबलं की बरं झालं असं वाटतं, पण आत पू साठतच असतो आणि तो खाली वाढणाऱ्या कायमच्या दातालाही नासवू शकतो.

घाबरू नका. कीड सुरुवातीला दिसली तर रोखता येते. वरचा ओठ उचलून उजेडात बघा: हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली की लगेच या. ती तपकिरी होईपर्यंत थांबू नका. लेकरू एकाच बाजूने चावतं, रात्री दात दुखून उठतं, हिरडीवर फोड आलाय, तरी या. सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली चालली, सोबत ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, तर मात्र सकाळची वाट न पाहता थेट घाटी रुग्णालय गाठा. सूज नुसती दिसत असेल, तरी गरम शेक देऊ नका.

आणखी एक गफलत. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे एक नवी दाढ येते, कुठलाही दात न पडता. घरचे तिलाही दुधाची समजतात आणि आठव्या वर्षी ती किडून येते. ती कायमची आहे हो!

‘आमच्या घरात सगळ्यांचेच दात किडके’ म्हणणाऱ्यांच्या घरात बहुधा सवयीही सारख्याच असतात. पहिला दात आला की घासायला लागा. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत घासणं मोठ्यांच्या हातून. मुलाच्या हातात ब्रश दिला म्हणजे काम झालं असं नाही. मिश्रीचं बोट लेकराच्या तोंडात घालणाऱ्या आज्यांना मात्र मी सरळ रागावते.

आणि ‘गप बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचेल’ हे बंद करा. तुम्ही माझ्या नावाने भीती घालता, मग मी आरसा दाखवला तरी पोर किंचाळतं. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास, काही दुखत नसताना, एकदा नुसतं तोंड दाखवायला आणा. खासगीत परवडत नसेल तर शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं, तेव्हा ‘दात पण बघा’ असं तोंडाने सांगा.