नर्मदेच्या माहेरी : अमरकंटक

प्रस्तावना

आपण प्रवास अनेक कारणांनी करतो. कोणी देवदर्शनासाठी जातो, कोणी थंड हवेसाठी, तर कोणी कामधंद्यासाठी. कधी कधी मात्र मनात रुजलेला एखादा प्रश्नच माणसाला घराबाहेर काढतो. प्रस्तुत पाठ हे अशाच एका प्रवासाचे वर्णन आहे. मध्य प्रदेशातील अमरकंटक हे डोंगरमाथ्यावरील प्राचीन नगर सालवृक्षांच्या वनांसाठी, मठ-आश्रमांसाठी आणि नर्मदेचे उगमस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. जबलपूर जिल्ह्यातील शहपुरा या गावाहून लेखक आपल्या वडिलांसह तेथे जातो. तेथे त्यांना काय दिसते आणि कोणते उत्तर मिळते, ते आपण वाचू या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –

• अमरकंटकचा इतिहास, तेथील मंदिरे व मठ यांचा परिचय करून देऊ शकाल;
• वन आणि नदी यांचा परस्परसंबंध स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करू शकाल;
• प्रवासवर्णन या लेखनप्रकाराची वैशिष्ट्ये सांगू शकाल;
• तत्पुरुष आणि द्वंद्व समास ओळखू शकाल.

मूळ पाठ

शहपुरा हे आमचे गाव. आजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त भुसावळहून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी आणि अंगणाबाहेर हिंदी, अशा दोन भाषांत आमचे बालपण गेले. नर्मदा मात्र दोन्ही भाषांत आईच होती. माघ शुद्ध सप्तमीला, म्हणजे नर्मदा जयंतीला, माझे वडील न चुकता भेडाघाटला जात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. एकदा धुवांधार धबधब्यासमोर उभे असता ते म्हणाले, "गंगेच्या डोक्यावर हिमालयाचे बर्फ आहे. नर्मदेच्या डोक्यावर बर्फाचा कणही नाही. मग भर वैशाखात हिला पाणी येते कोठून?"

"अण्णा, वर बरगीचे धरण आहे ना!" मी म्हणालो.

"धरण पुरे झाले १९९० मध्ये. त्याआधी का नर्मदा आटत होती? हे आता उगमाशी जाऊनच पाहिले पाहिजे."

त्यानंतर दोन महिन्यांनी, एप्रिलच्या अखेरीस, आम्ही निघालो. जबलपूरहून अमरकंटक सुमारे २३० किलोमीटर आहे. कुंडम मागे पडल्यावर दिंडोरी जिल्ह्यात आणखी एक शहपुरा लागले. आपल्या गावाचे नाव परक्या पाटीवर वाचून अण्णांना गंमत वाटली. पुढे दिंडोरीला नर्मदेचे दर्शन झाले. भेडाघाटला संगमरवरी कड्यांतून घुमत जाणारी नदी येथे शांत, साधी वाटत होती. तेथून रस्ता मैकल पर्वतरांगेत शिरला. विंध्य आणि सातपुडा यांना जोडणारी ही रांग. वळणावळणाने चढ वाढत गेला, हवा गार झाली आणि दोन्ही बाजूंना उंच, सरळ खोडांचे वृक्ष दिसू लागले.

अमरकंटक समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. गाव लहानच. त्याच्या मध्यभागी पांढऱ्या मंदिरांच्या आवारात नर्मदाकुंड आहे. अण्णांनी कुंडातील पाण्याला हात लावला आणि तो डोळ्यांना लावला. एवढ्याशा पाण्यापासून निघून ही नदी १,३१२ किलोमीटर वाहते आणि गुजरातेत भडोचजवळ खंबातच्या आखाताला मिळते, हे तेथे उभे राहून खरे वाटत नाही.

गावापासून थोड्याच अंतरावर सोनमुडा आहे. लोकश्रद्धेनुसार ते शोण नदाचे उगमस्थान. शोण पूर्वेकडे वळून बिहारमध्ये गंगेला मिळतो आणि नर्मदा पश्चिमेकडे जाते. जोहिला ही तिसरी नदीही याच डोंगराळ भागातील. लोककथा सांगते की, नर्मदेचा विवाह शोणाशी ठरला होता. पण तिने पुढे पाठविलेल्या जोहिलेवरच तो भुलला. मग नर्मदा रुसली, पाठ फिरवून पश्चिमेला निघाली आणि कुमारिकाच राहिली. एकाच डोंगरावरून पाणी दोन दिशांना का जाते, हे पूर्वजांनी अशा कथेतून लक्षात ठेवले.

कुंडाजवळच पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील जुना मंदिरसमूह आहे. तेथे हिरवळीवर कलचुरी राजवटीतील दगडी मंदिरे उभी आहेत. कलचुरींची राजधानी त्रिपुरी, म्हणजे जबलपूरजवळचे आजचे तेवर. अकराव्या शतकात राजा कर्ण याने येथे तीन गर्भगृहांचे मंदिर बांधले. ते आजही कर्णमंदिर म्हणून ओळखले जाते. जवळच मच्छिंद्रनाथाचे आणि पाताळेश्वराचे मंदिर आहे. पाताळेश्वराचे गर्भगृह जमिनीच्या पातळीखाली असल्यामुळे पायऱ्या उतरून दर्शन घ्यावे लागते.

कलचुरींच्या काळात शैव आचार्यांचे मठ ही मोठी संस्था होती. भेडाघाटच्या ११५५ सालच्या शिलालेखात राणी अल्हणदेवीने शिवमंदिर बांधल्याची नोंद आहे. त्या मंदिरासोबत तिने मठ, अध्ययनशाळा आणि उद्यानेही निर्माण केली. सिधी जिल्ह्यात शोणाच्या खोऱ्यात चंद्रेह येथे दहाव्या शतकातील शैव मठाची दगडी वास्तू आजही उभी आहे. मठ म्हणजे केवळ पूजेचे ठिकाण नव्हे. तेथे शिष्य राहत, ग्रंथ शिकवले जात, वाटसरूंना आसरा मिळे. अशा वस्तीला शांतता, सरपण आणि बारमाही पाणी हवे असे. म्हणून मठ वनांच्या आणि नद्यांच्या आश्रयाने वसत.

ही परंपरा अमरकंटकला आजही आहे. येथे निरनिराळ्या पंथांचे आश्रम आहेत, जैनांचे भव्य दगडी मंदिर आहे, आणि वनाच्या कडेला संत कबीरांच्या नावाचा कबीर चबुतरा आहे. नर्मदेची परिक्रमा करणारे यात्रेकरू नदीचे पात्र ओलांडत नाहीत. उगमाला वळसा घालूनच ते एका तीरावरून दुसऱ्या तीरावर येतात. त्यांच्यात मराठी माणसे पुष्कळ असतात. कोकणातील माणगावचे टेंबेस्वामी नर्मदाकाठी राहिले आणि १९१४ मध्ये गरुडेश्वर येथे त्यांनी देह ठेवला. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या पुस्तकाला परिक्रमेचीच पार्श्वभूमी आहे. एका आश्रमाच्या ओसरीवर आम्हांला सोलापूरकडच्या एक आजी भेटल्या. पायांच्या भेगांना तेल लावत त्या अण्णांना म्हणाल्या, "दादा, इथवर आले. आता निम्मी वाट राहिली." आईच्या गावी पोहोचल्यासारखा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वनात गेलो. महाराष्ट्रात आपण सागाची वने पाहतो. येथे राज्य सालाचे. नव्या पालवीमुळे सारे वन पोपटी दिसत होते. पायाखाली वाळक्या पानांचा जाड थर होता. गोंड आणि बैगा समाजांची या वनाशी पिढ्यान्‌पिढ्या जवळीक आहे. सालाच्या पानांचे द्रोण-पत्रावळी होतात आणि त्याच्या बियांपासून तेल निघते. सोबतीला एक वयस्क वनरक्षक होते. अण्णांनी आपला प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी खाली वाकून पानांचा थर बाजूला केला. भर उन्हाळ्यातही खालची माती ओलसर होती. ते म्हणाले, "बाबूजी, उतरत्या कौलावर पाणी ओतले तर ते क्षणात घरंगळून जाते. तेच पाणी कौलावर पसरलेल्या गोणपाटावर ओतले, तर गोणपाट आधी ते पिऊन घेते आणि मग थेंबथेंब सोडते. हे वन म्हणजे या डोंगराचे गोणपाट आहे."

मग त्यांनी सविस्तर समजावले. चार महिन्यांचा पाऊस वृक्षांच्या पानांवर पडून हळूहळू जमिनीवर येतो. पालापाचोळा त्याला अडवतो आणि मुळांच्या वाटांनी तो जमिनीत मुरतो. या पठाराच्या माथ्यावर तांबडा, सच्छिद्र जांभा दगड आहे. तो पाणी धरून ठेवतो. त्याच्याखाली काळा, कठीण खडक लागला की मुरलेले पाणी आडवे सरकते आणि झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. म्हणूनच पाऊस संपल्यावरही झरे वाहत राहतात. नर्मदेच्या डोक्यावर बर्फ नाही हे खरे. पण तिचे पाणी या दगडात आणि मुळांत साठलेले असते. पुढे वाटेत तिला मिळणाऱ्या शेकडो ओढ्यांची आणि उपनद्यांची गोष्टही अशीच आहे.

"आणि वन गेले तर?" अण्णांनी विचारले.

वनरक्षक क्षणभर थांबले. "एकदा जाता जाता राहिले," ते म्हणाले. १९९७ च्या सुमारास सालाचे खोड पोखरणाऱ्या भुंग्याने या भागात थैमान घातले. पहिल्या पावसानंतर हे भुंगे बाहेर पडतात आणि सालीच्या भेगांत अंडी घालतात. त्यांच्या अळ्या खोडात शिरून लाकूड पोखरतात. उभ्या झाडांच्या बुंध्याशी भुशाचे ढीग दिसू लागले. कीड पसरू नये म्हणून मध्य प्रदेशात लाखो झाडे तोडावी लागली. सालाचे ओंडके ठेचून ठेवले की त्यांच्या रसाच्या वासाने भुंगे गोळा होत. मग गावकरी ते वेचून नष्ट करीत. "आम्ही रात्री कंदील घेऊन भुंगे वेचले आहेत, बाबूजी."

संकट केवळ किडीचे नव्हते. पाणी धरणाऱ्या त्या जांभ्याच्या थरातच ॲल्युमिनियमचे खनिज, म्हणजे बॉक्साइट, सापडते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पठारावर त्याच्या खाणी चालल्या. खनिज काढायचे म्हणजे वरचे वन आणि पाणी साठविणारा थर, दोन्ही काढायचे. २००५ मध्ये मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून सुमारे ३,८३५ चौरस किलोमीटरचा प्रदेश 'अचानकमार-अमरकंटक जीवावरण राखीव क्षेत्र' म्हणून घोषित झाला आणि २०१२ मध्ये युनेस्कोने त्याला आपल्या जागतिक जाळ्यात स्थान दिले. तरीही वाढती बांधकामे, वाहने आणि यात्रेकरूंनी टाकलेला कचरा यांचा भार या लहानशा नगरावर आहेच.

परतण्यापूर्वी आम्ही कपिलधारा पाहिली. कुंडापासून सुमारे सहा किलोमीटरवर नर्मदा येथे पहिली मोठी उडी घेते. पावसाळ्यातील तिच्या रूपाची छायाचित्रे आम्ही पाहिली होती. आता कड्यावरून एक बारीक धार तेवढी पडत होती. अण्णा बराच वेळ तिच्याकडे पाहत उभे राहिले. "केवढीशी आहे," ते हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात भक्ती होती आणि काळजीही.

पुढच्या नर्मदा जयंतीला आम्ही पुन्हा भेडाघाटला गेलो. दिवे सोडणाऱ्यांची गर्दी होती. अण्णांनी ओंजळीत पाणी घेतले आणि मला म्हणाले, "यातले थोडे तरी मागच्या पावसाळ्याचे असेल. कुठल्यातरी सालाच्या मुळाशी थांबून, मग आपल्याकडे आले असेल." त्या वर्षी त्यांनी प्लास्टिकचा द्रोण वापरला नाही. सालाच्या पानांचा द्रोण, त्यात कणकेचा दिवा. तो पाण्यावर दूरवर जाताना आम्ही पाहत राहिलो.

शब्दार्थ

सच्छिद्र – बारीक छिद्रे असलेला
जांभा – तांबड्या रंगाचा सच्छिद्र दगड
बारमाही – वर्षभर टिकणारे
थैमान – अनावर धुमाकूळ
ओसरी – घरापुढील छप्पर असलेली मोकळी जागा

चला, समजून घेऊ या

प्रवासवर्णनात केवळ स्थळांची यादी नसते. पाहिलेली ठिकाणे, भेटलेली माणसे, तेथील इतिहास आणि लेखकाच्या मनात उमटलेले विचार यांची त्यात गुंफण असते. या पाठाला अण्णांच्या प्रश्नाने सुरुवात होते. मंदिरे, मठ आणि वन पाहत पाहत लेखक त्याच्या उत्तरापर्यंत येतो. त्या उत्तरातून श्रद्धा आणि विज्ञान यांचा विरोध दिसत नाही. ज्या नदीला माणसे आई मानतात, तिचे पाणी वन राखते; म्हणून वन राखणे हीसुद्धा तिची सेवाच ठरते.

भाषा अभ्यास

'देवदर्शन' म्हणजे देवाचे दर्शन. येथे दुसरे पद महत्त्वाचे आहे आणि विग्रह करताना विभक्तिप्रत्यय घ्यावा लागतो. हा तत्पुरुष समास होय. 'नदीनाले' म्हणजे नदी आणि नाले. येथे दोन्ही पदे सारखीच महत्त्वाची आहेत. हा द्वंद्व समास होय.

पुढील शब्दांचा विग्रह करून समास ओळखा : उगमस्थान, द्रोण-पत्रावळी, शिवमंदिर, आईवडील.

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा : कर्णमंदिर कोणत्या राजवटीत बांधले गेले?
(अ) गोंड (आ) कलचुरी (इ) भोसले (ई) होळकर

२. रिकाम्या जागा भरा :
(अ) शोण नदी शेवटी ………… नदीला मिळते.
(आ) वनरक्षकाने वनाला डोंगराचे ………… म्हटले आहे.

३. परिक्रमा करणारे यात्रेकरू एका तीरावरून दुसऱ्या तीरावर कसे येतात?

स्वाध्याय

१. बर्फ नसतानाही उन्हाळ्यात नर्मदेला पाणी कसे मिळते, ते सात-आठ वाक्यांत लिहा.
२. प्राचीन मठ वनांच्या व नद्यांच्या आश्रयाने का वसत असत?
३. कपिलधारेसमोर अण्णांच्या आवाजात 'भक्ती होती आणि काळजीही' असे लेखक का म्हणतो?
४. आपल्या गावाला पाणी कोठून येते याची वडीलधाऱ्यांकडून माहिती घ्या आणि त्या ठिकाणाला दिलेल्या भेटीचे वर्णन पंधरा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (आ) कलचुरी. २. (अ) गंगा, (आ) गोणपाट. ३. नदीचे पात्र न ओलांडता, अमरकंटक येथे उगमाला वळसा घालून.