अवधूताचे गुरू आणि आडतीचा हिशोब



धंद्यात आणि नात्यागोत्यात मिळालेलं यश वर्षानुवर्षं टिकतं कशानं, यावर जयंतीच्या अंकासाठी लिहा, असा मंडळाचा निरोप आला. मी कीर्तनकार नाही की शास्त्रीबुवा नाही. मूळ गाव नांदेड, आणि उभी हयात लातूरच्या आडत बाजारात मुनीमकी करण्यात गेली. कीर्द-खतावणी लिहिता लिहिता एवढं मात्र पाहिलं की वर येणारी दुकानं पुष्कळ, पण तिसऱ्या पिढीत तीच पाटी दिसणारी थोडी. त्या थोड्यांचं काय वेगळं होतं, ते सांगतो.

भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा अवधूताला विचारतो, तुझ्याजवळ काहीच नाही, तरी तू इतका आनंदात कसा? अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, समुद्र, कपोत, मधमाशी, पिंगळा, बाण करणारा कारागीर. हा अवधूत म्हणजेच आपले दत्तप्रभू, अशी परंपरा आहे. नाथमहाराजांनी या स्कंधावर मराठीत टीका केली, म्हणून आपल्या घरोघरी हे गुरू ठाऊक आहेत. एक ध्यानात ठेवायचं. बोलणारा विरक्त आहे, ऐकणारे आपण प्रपंचातले. त्याचं औषध आपण त्याच मापानं घेतलं तर दुकान उद्याच बंद करावं लागेल!

आधी समुद्र. पावसाळ्यात नद्या भरभरून येतात, समुद्र मर्यादा सोडत नाही. उन्हाळ्यात त्या आटतात, तो सुकत नाही. आमच्या बाजाराला हे फार लागू पडतं. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन येतो, संक्रांतीच्या पुढे तूर, शिमग्याच्या सुमाराला हरभरा. मग मृगापर्यंत यार्ड ओस. शिवाय पावसाचा नेम नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं, हे साऱ्या देशानं पाहिलं. त्याच्या अलीकडच्या चांगल्या सालात ज्यांनी माडी चढवली, लग्नात पंगतीवर पंगती उठवल्या, ते त्या वर्षी हात पसरून फिरत होते. आमचे थोरले शेटजी घरखर्चाचा आकडा पाडव्याला ठरवून टाकत. साल कसंही जावो, आकडा तोच. बायकामंडळी कुरकुर करायची. पण दुष्काळात त्या घराची चूल पाहून कुणाला कळलं नसतं की बाहेर दुष्काळ आहे.

मधमाशीचं सगळ्यांना पाठ असतं, फुलाला न दुखवता थोडं थोडं घ्यावं. प्रभूंचं शयन माहूरगडावर आणि भिक्षा कोल्हापुरात अशी आपली श्रद्धा आहे. तिथंही घेणं झोळीपुरतंच. बाजारात याचा अर्थ साधा आहे. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला की वानगी म्हणून उचललेली मूठ पुन्हा पोत्यात पडते का? ओलावा दाखवून भाव पाडताना यंत्र त्याच्या डोळ्यांसमोर लावलं का? पट्टी त्याला वाचून दाखवली का? जयंती झाली की पंधरवड्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, जनावरांचा मोठा बाजार असतो. तिथं काही दलाल असे की शेतकरी त्यांना शोधत येतात, आणि काही असे की त्यांना दर साली नवी गिऱ्हाइकं शोधावी लागतात. मधमाशीकडून अवधूत साठा न करणंही शिकतो. ते मात्र व्यापाऱ्याला जमायचं नाही. डाळ मिलवाल्यानं तूर साठवलीच नाही तर आषाढात मिल कशावर चालवायची?

नाथांच्या पैची गोष्ट आपण ऐकलेली आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या पदरी हिशोब लिहिताना एका पैची चूक लागेना म्हणून नाथ रात्रभर बसले, आणि सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. कीर्तनात ही गोष्ट एकाग्रतेसाठी सांगतात. आम्हा मुनीम लोकांना त्यात आणखी एक दिसतं. मेळात पै कमी आली तरी चूक, आणि जास्त आली तरी चूकच. जास्तीची पै म्हणजे कुणाची तरी आपल्याकडे राहिलेली. ती शोधायला बसणारी माणसं मी कमी पाहिली.

आता ज्या गुरूसाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. ती म्हणजे कुमारी. घरात ती एकटी, तिला मागणी घालायला पाहुणे आलेले. ती आत साळी कांडायला बसते, तर हातातली कांकणं वाजू लागतात. घरात कांडलेले तांदूळही नाहीत हे पाहुण्यांना कळेल, म्हणून ती एक एक कांकण काढते. दोन उरली तरी आवाज होतोच. शेवटी एकच ठेवते. अवधूत म्हणतो, एकटं राहावं. पण दोन भावांच्या दुकानानं काय करावं?

आमचं दुकान दोघा भावांचं होतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं. औसा आणि उमरग्याकडच्या गावांतले आमचे चाळीसएक खातेदार होते, पेरणीला उचल नेलेले. आठ दिवसांनी शेटजींनी यादी काढायला सांगितली. मी नाव वाचायचो आणि हमालांपैकी कुणी तिकडचा असला तर तो सांगायचा, "हे गेले. ह्यांच्या घरचं कुनीच ऱ्हायलं न्हाई." थोरले म्हणाले, "मुनीमजी, सगळ्या यादीवर रेघ मारा."

धाकटे बोलले, "दादा, रेघ मारायला माझी ना नाही. पण ज्यांची पिकं उभी आहेत त्यांच्यावरही मारायची? आणि पैसा दोघांचा आहे, मला एका शब्दानं विचारलं नाहीत."

कांकणं वाजली ती इथं. बाजारात लगेच झालं, धाकटा लोभी, मेलेल्यांचे पैसे मागतो. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. उचल बँकेच्या कर्जातून दिलेली होती आणि बँक काही रेघ मारणार नव्हती. विचारायला हवं होतं हेही खरं. भाऊ तीन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी वहिनींनी दोघांची ताटं शेजारी मांडली आणि जेवण झाल्यावर मला वह्या घेऊन घरी बोलावणं आलं.

त्या रात्री यादीचे तीन भाग झाले. ज्यांच्या घरी मागं कुणी उरलं नाही, त्यांच्यावर रेघ. ज्यांची घरं पडली, त्यांना दोन वर्षं मागायचं नाही. ज्यांचं पीक शाबूत, त्यांच्याकडून नेहमीप्रमाणे. प्रत्येक पानाखाली दोघांनी सह्या केल्या. तेव्हापासून दुकानाचा नियमच झाला, मोठी उचल असली की दोन सह्या. घरात हिशोब कसला, असं आपल्याकडे मोठ्या अभिमानानं म्हणतात. मी तर म्हणतो, जितकं नातं जवळचं तितकी वही उघडी असावी.

सगळं गोड झालं असं नाही. तिसऱ्या भागातल्या एकानं पीक परस्पर दुसऱ्या आडतीवर घातलं. धाकटे हसून म्हणाले, "पाहा दादा, तुमची रेघ असती तर हाही त्यात निभावला असता." दुसऱ्या भागातले काही दोन वर्षांनी आले, काही चौथ्या वर्षी, काही आलेच नाहीत. एक म्हातारा मुद्दल चुकती करून वर खिशातून गूळ काढून देऊन गेला. मोडून पडलेल्या घरातला माणूस, पण आमच्या वहीतलं नाव कोरं करायला विसरला नव्हता.

पुढं तेरा वर्षांनी वाटणी झाली. ती होणारच होती. मुलं मोठी झाली, सुना आल्या. पंचांनी दोन दिवस धरले होते, काम एका दुपारी संपलं. सह्यांच्या वह्या समोर होत्या, भांडायला जागाच नव्हती. एकाच गोष्टीवर आवाज चढले. रेघा मारलेली रक्कम थोरले स्वतःच्या वाट्याला घ्या म्हणत होते, धाकटे ऐकेनात. शेवटी ती निम्मी निम्मी टाकली.

आज यार्डात दोन गाळे आहेत, पाट्यांवर आडनाव एकच. भाव वेगळे लागतात, गिऱ्हाइकांवरून कुरबुरीही होतात. दत्तजयंतीला मात्र माहूरला गाडी एकच जाते, आणि तिच्या डिझेलचा हिशोब मला कुणी कधी लिहायला सांगितला नाही.